मुशीतून मुशीकडे : चांदीच्या दागिन्यांचा इतिहास

सोने नदीच्या वाळूत चमकते, धुऊन वेचता येते. चांदीचे तसे नाही. शुद्ध रूपात ती फार थोड्या ठिकाणी सापडते. जगातली बहुतेक चांदी शिसे, जस्त आणि तांबे यांच्या खनिजांत दडलेली असते. ती बाहेर काढायची तर भट्टी हवी आणि भट्टीत काय घडते याची समजही हवी. गॅलिना नावाचे खनिज भाजून वितळवले की शिसे मिळते आणि त्या शिशात किंचित चांदी उतरलेली असते. हे शिसे हाडांच्या राखेच्या उथळ मुशीत तापवून त्यावर हवेचा झोत सोडत राहिले, की शिशाचे मुरदाडशिंग बनते, ते राखेत मुरते आणि मागे चांदीचा गोळा उरतो. सीरियातील हबूबा कबीरा येथे इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकाच्या अखेरच्या थरांत असे मुरदाडशिंग मिळाले आहे. पाच हजार वर्षांपूर्वीच ही कृती माणसाच्या हाती आली होती, तरीही दागिन्यांच्या इतिहासात चांदी सोन्याच्या मागूनच आली. आल्यावर मात्र तिने वेगळी वाट धरली.

ती वाट बाजाराची होती. नाणे आणि दागिना ही चांदीची दोन रूपे शतकानुशतके एकाच मुशीतून निघाली. नाणी आटवून दागिने घडवले गेले आणि अडचणीच्या दिवसांत दागिने आटवून नाणी पाडली गेली. चांदीच्या दागिन्यांचे घाट, त्यांची वजने, ते कोणी घालायचे आणि ते आज इतके थोडे का उरले, हे सारे या येरझारा पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

आरंभीच्या काळात चांदी दुर्मीळ होती आणि म्हणून श्रीमंतांची होती. इजिप्तमध्ये सोन्याच्या खाणी होत्या, चांदी जवळपास नव्हतीच. प्राचीन राज्याच्या काळात तिथे चांदीचे मोल सोन्याहून अधिक होते. गिझा येथे १९२५ मध्ये जॉर्ज रायस्नर यांच्या पथकाला राणी हेतेफेरेस हिची कबर सापडली. तीत एका पेटीत चांदीची वीस कडी होती, प्रत्येक हातासाठी दहा. पत्र्याला गोलाई देऊन केलेल्या या कड्यांत पिरोजा, लाजवर्द आणि अकीक यांचे तुकडे बसवून फुलपाखरे रेखाटली आहेत. कडी साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहेत. अलीकडच्या तपासणीत त्यांतील चांदी ग्रीसकडच्या बेटांवरून आली असावी असे दिसून आले. म्हणजे त्या काळीही चांदीचा दागिना हा दूरच्या व्यापाराचाच पुरावा होता.

मेसोपोटेमियातील उर येथे लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात राजघराण्याच्या कबरी उघडल्या. राजाबरोबर पुरल्या गेलेल्या स्त्रियांच्या केसांत सोन्याच्या किंवा चांदीच्या पट्ट्या होत्या. सोन्याच्या पट्ट्या जशाच्या तशा मिळाल्या. चांदीच्या पट्ट्या गंजून गेल्या होत्या, कवटीवर त्यांची फक्त खूण उरली होती. अपवाद एकाच मुलीचा. तिच्या डोक्यावर पट्टी नव्हती; ती घट्ट गुंडाळलेल्या अवस्थेत कमरेजवळ सापडली, बहुधा कपड्याच्या खिशात असावी. गुंडाळी घट्ट असल्यामुळे आणि कापडाच्या आडोशामुळे ती चांगली टिकली. या मुलीला तयार व्हायला उशीर झाला असावा आणि पट्टी केसांत बांधायची राहून गेली असावी, असा वूली यांचा तर्क होता. त्या एका गुंडाळीमुळे उरच्या चांदीच्या केशभूषणांचे मूळ रूप कळते. चांदीच्या इतिहासातली मोठी उणीव नेमकी इथे दिसते. सोने मातीत हजारो वर्षे तसेच राहते, चांदी क्षार आणि गंधक यांच्यापुढे झिजते. जुन्या दागिन्यांत सोनेच जास्त दिसते म्हणून लोक चांदी घालत नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

गंजण्याचा एक लाभही झाला. मोहेंजोदडो येथे चांदीच्या एका भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा चांदीच्या क्षारांमुळे कुजण्यापासून वाचला आणि सिंधू संस्कृतीत कापूस विणला जात होता याचा पुरावा मिळाला. हडप्पा संस्कृतीचे लोक चांदीची भांडी आणि दागिने वापरत. महाराष्ट्राच्या सीमेलगत, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे १८७० मध्ये सापडलेला साठा याहून वेगळा आहे. त्यात तांब्याची ४२४ अवजारे होती आणि त्यांच्यासोबत चांदीच्या पातळ पत्र्याचे १०२ तुकडे. काही गोल चकत्या, काही शिंगे असलेल्या बैलाच्या डोक्याच्या आकाराचे. हे अंगावर घालायचे होते, की पूजेत वाहायचे होते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

वैदिक वाङ्मयात चांदीला पांढरे सोने म्हटलेले आढळते. तैत्तिरीय संहितेतील कथेनुसार रडणाऱ्या अग्नीच्या आसवांतून चांदी निर्माण झाली, म्हणून यज्ञात तिची दक्षिणा देऊ नये. पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ही भावना मागे पडते आणि कारखान्याचा हिशेब पुढे येतो. तिथे चांदीचे चार प्रकार त्यांच्या उगमावरून सांगितले आहेत, पांढरी, तुळतुळीत आणि मऊ चांदी उत्तम ठरवली आहे आणि ती शुद्ध करण्यासाठी एक चतुर्थांश शिसे घालण्याची कृती दिली आहे. सोनाराने धातू लांबवू नये, यासाठी ग्रंथकाराने चोरीच्या युक्त्यांचीही तपशीलवार नोंद केली आहे. राज्याला चांदीची एवढी फिकीर होती, कारण तोवर ती चलन बनली होती. सुमारे साडेतीन ग्रॅमची आहत नाणी, म्हणजेच कार्षापण, देशभर फिरत होती.

या काळापासून चांदीचा पुरवठा हा भारताचा कायमचा प्रश्न आहे. राजस्थानात आगुचा आणि उदयपूरजवळील जावर येथे शिसे, जस्त आणि चांदीच्या प्राचीन खाणी होत्या, पण त्यांतून गरज भागत नव्हती. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रंथात बरिगाझा, म्हणजे आजच्या भरूच बंदरात रोमन दिनार नाणी आणली जात आणि स्थानिक चलनाशी अदलाबदल करून नफा मिळवला जाई, असे नमूद आहे. या बंदरावर हुकमत असलेल्या क्षहरात नहपानाची चांदीची नाणी १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडली. तेरा हजारांहून अधिक नाणी होती ती, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. त्याच प्रदेशातील कार्ले येथील लेण्याच्या दर्शनी भागावरच्या स्त्रियांच्या पायांत जाडजूड वळ्यांचे अलंकार आहेत. दगडातून धातू ओळखता येत नाही. पण ज्या प्रदेशात चांदी नाण्याच्या रूपाने एवढी फिरत होती, तिथे पायातले वाळे चांदीचे असणे अगदी संभवनीय आहे.

युरोपातही दागिना आणि नाणे यांची फारकत उशिरा झाली. व्हायकिंग लोक चांदीची कडी दंडावर घालत आणि सौदा करताना त्यांतला तुकडा तोडून वजन करून देत. स्वीडनच्या गोटलंड बेटावर स्पिलिंग्ज येथे १९९९ मध्ये सापडलेल्या साठ्यात सुमारे ६७ किलो चांदी होती. तीत चौदा हजारांवर नाणी होती, त्यांपैकी बहुतेक इस्लामी देशांतली, आणि जोडीला ४८६ कडी. धातूचा कस सर्वांना पटेल असा ठेवण्याची गरज यातूनच निर्माण झाली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १३०० मध्ये कायदा करून चांदीची वस्तू स्टर्लिंग कसाची, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध असावी आणि तपासणीनंतर तिच्यावर बिबट्याच्या मुखाची खूण मारावी, असे ठरवले. आज दुकानात ‘९२५’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चांदीची परंपरा इथवर मागे जाते.

९२५ या आकड्यामागे धातूचा स्वभाव आहे. शुद्ध चांदी फार मऊ असते. तिची अंगठी वाकते, साखळीच्या कड्या उकलतात. थोडे तांबे घातले की ती कणखर होते आणि रंगही फारसा बिघडत नाही. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे एकत्र केले, तर मिश्रण ७७९ अंशांनाच पातळ होते. सोनाराचा डाक या गुणावर चालतो. डाक आधी वितळतो, सांधा भरतो आणि मूळ दागिन्याला धक्का लागत नाही. ही तापमाने मोजण्याची साधने येण्याच्या हजारो वर्षे आधी कारागिरांनी ज्वाळेच्या रंगावरून आणि टाकणखार पाघळण्याच्या वेळेवरून हे प्रमाण साधले होते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूमुळे. तिच्यावर चढणारा थर सल्फाइडचा असतो, तरी बाजारात अशा मुद्दाम काळवंडवलेल्या दागिन्यांना ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात.

सोळाव्या शतकात चांदी दुर्मीळ राहिली नाही. आजच्या बोलिव्हियातील पोटोसी येथे १५४५ मध्ये चांदीचा डोंगर सापडला, पाठोपाठ मेक्सिकोत झाकातेकास येथे खाणी लागल्या आणि १५५४ मध्ये बार्तोलोमे दे मेदिना याने पाऱ्याच्या साहाय्याने हलक्या खनिजातूनही चांदी काढण्याची रीत मेक्सिकोत रुजवली. या खाणींत स्थानिक लोकांना वेठीने राबवले गेले आणि असंख्य माणसे पारा, धूळ आणि श्रम यांनी मेली. तिथली चांदी युरोपमार्गे आणि मनिलामार्गे आशियात आली. युरोपीय व्यापाऱ्यांकडे भारतात खपेल असा माल फारसा नव्हता; कापड, मिरी आणि नीळ घ्यायची तर चांदीच मोजावी लागे. ती सुरतेला उतरत असे आणि टांकसाळीत जाऊन रुपया होऊन बाहेर पडत असे. शेरशहाने सोळाव्या शतकात रूढ केलेला सुमारे साडेअकरा ग्रॅमचा रुपया मुघलांनी पुढे चालवला. मुघल टांकसाळ खुली होती. कोणीही चांदी आणावी, शुल्क द्यावे आणि रुपये घेऊन जावे. फ्रेंच प्रवासी बर्निए याने सतराव्या शतकात लिहून ठेवले की जगभरची सोने-चांदी हिंदुस्थानात येऊन मुरते आणि तिचा मोठा भाग दागिने घडवण्यात जातो.

मुरण्याचे ठिकाण होते शेतकऱ्याचे घर. पेढी नाही, पतपेढी नाही, जमिनीचा सारा रोकड्यात भरायचा आणि पावसाचा भरवसा नाही, अशा समाजात बचतीचे एकच खात्रीचे रूप होते आणि ते घरातल्या बायकांच्या अंगावर असे. पायांत तोडे, वाळे, साखळ्या, तोरड्या, पैंजण, बोटांत जोडवी, मासोळ्या, विरोद्या, दंडात वाक्या, गळ्यात हासळी, सरी आणि ताईत, कमरेला कमरपट्टा किंवा मासपट्टा, त्यात अडकवलेला छल्ला. लहान मुलाच्या कमरेला चांदीचा करदोटा, हातापायांत वाळे, बारशाला मिळालेला खुळखुळा. सोने ही लक्ष्मी, तिला पायाशी घालू नये, हा संकेत सर्वत्र पाळला गेला. राजघराण्यांनाच त्यातून सूट होती. कमरेखाली चांदी आणि वर सोने ही विभागणी सधन घरांपुरती खरी होती. गरिबांच्या घरी डोक्यापासून पायापर्यंत चांदीच होती, आणि तीही नसेल तिथे पितळ किंवा कथील.

चांदीच्या दागिन्यांना सर्वांत ठसठशीत रूप दिले ते फिरत्या आणि डोंगरी समाजांनी. बंजारा स्त्रियांच्या कानांजवळ केसांत गुंफलेल्या घुगरी आणि टोपली, गळ्यातली हासळी, नाण्यांच्या माळा यांतून कुटुंबाची सारी जमा अंगावर चालत असे. तांड्याला तिजोरी परवडणारी नव्हती. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजात होळीच्या दिवसांत चांदीचे वजनदार दागिने आजही बाहेर निघतात. या दागिन्यांत नक्षी कमी आणि धातू जास्त असतो, यावरून काही जुन्या लेखकांनी ते ओबडधोबड ठरवले. हा निवाडा चुकीचा आहे. नक्षी वाढली की घडणावळ वाढते, आणि घडणावळ मोडीत परत मिळत नाही. ज्याला कधी ना कधी दागिना मोडावा लागणार आहे, तो मजुरीवर पैसा घालत नाही. जाड, भरीव आणि साधा घाट हा हिशेबाने निवडलेला घाट आहे. आणि तेवढ्या मर्यादेत हासळीच्या टोकांची गुंडाळी किंवा तोड्याच्या दोन मुखांची ठेवण कारागिरांनी किती नेटकी साधली आहे, हे प्रत्यक्ष पाहिले की कळते.

एकोणिसाव्या शतकात हा हिशेब अगदी उघड होता. कंपनी सरकारच्या १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरला. त्यात अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे. रुपयाचे वजन तेच तोळ्याचे वजन. चांदीचा दागिना रुपये तागडीत टाकून तोलला जाई, म्हणून चांदीचे माप ‘भार’ झाले. वीस भारांचा जोड म्हणजे वीस रुपयांच्या वजनाचा, आजच्या हिशेबाने सुमारे २३३ ग्रॅम. गिऱ्हाईक सोनाराला रुपये मोजून देई, सोनार तेच मुशीत आटवी आणि तितक्याच वजनाचा दागिना परत करी, मजुरी वेगळी. पुढे वजनाची पद्धत बदलली, तरी चांदीच्या व्यवहारात दहा ग्रॅमला भार म्हणण्याची रीत महाराष्ट्रात टिकून आहे.

उलटा प्रवास दुष्काळात होत असे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनच्या शेतकऱ्यांनी मोडलेले चांदीचे दागिने सराफांमार्फत मुंबईच्या टांकसाळीत मोठ्या प्रमाणावर पोहोचले. तोडे आणि वाळे आटून रुपये झाले आणि त्या रुपयांनी धान्य घेतले गेले. चांदीचा दागिना ज्यासाठी घडवला होता, ते काम त्याने बजावले. मात्र त्याच दशकात जगाच्या बाजारात चांदीची पत घसरू लागली होती. अमेरिकेत नेवाडातील कॉमस्टॉक आणि इतर खाणींतून चांदीचा पूर आला होता; जर्मनीने १८७३ पर्यंत सुवर्णचलन स्वीकारून आपली चांदी विकायला काढली होती, आणि इतर देश त्याच वाटेने निघाले होते. एका रुपयाला जवळपास दोन शिलिंग मिळत, ते १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आले. इंग्लंडला दरवर्षी पौंडांत पैसे पाठवणाऱ्या हिंदुस्थान सरकारची कोंडी झाली आणि जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद केल्या.

दागिन्यांच्या इतिहासात या एका निर्णयाइतका मोठा घाव दुसरा नाही, आणि तरीही दागिन्यांवरच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. टांकसाळ बंद होताच रुपया आणि त्यातली चांदी यांची फारकत झाली. रुपयाचा भाव सरकारने वर धरून ठेवला, चांदीचा भाव खाली जात राहिला. काल वीस रुपये आटवून केलेला जोड आज वीस रुपयांचा उरला नाही. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या पुढच्या दोन दुष्काळांत लोकांनी पुन्हा दागिने काढले, तेव्हा टांकसाळीचा दरवाजा बंद होता. सराफ देईल तो भाव घ्यावा लागला. सरकारच्या चलनव्यवस्थेचा तोटा ज्यांनी कधी पौंड पाहिला नव्हता अशा बायकांच्या पायांतल्या चांदीने सोसला. या सर्व चलनव्यवहाराची सर्वांत कसून केलेली चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात आहे.

रुपयातली चांदीही पुढे टिकली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ती निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. त्याआधीचे, विशेषतः राणीछाप, रुपये लोकांनी गाठीला बांधले आणि लागेल तसे आटवले. याच युद्धकाळात मुंबईच्या टांकसाळीत एक परदेशी नाणेही पाडले गेले. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीच्या मुखाचा ठसा असलेला, १७८० हे साल कायम ठेवलेला हा चांदीचा थेलर अरबस्तान आणि इथिओपियात रोजचे चलन होता. येमेनमधील ज्यू सोनार हेच नाणे आटवून तारकामाचे नाजूक दागिने करीत. १९४९–५० मध्ये बहुतेक येमेनी ज्यू इस्रायलला गेले आणि तिथली ही कला जवळपास रातोरात पोरकी झाली. अमेरिकेच्या नैर्ऋत्येतील नाव्हाहो लोकांत अत्सिदी सानी याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेक्सिकन कारागिराकडून धातुकाम शिकून घेतले आणि पुढच्या पिढ्यांना दिले. त्यांचा कच्चा मालही डॉलरची नाणी हाच होता. ती आटवण्यावर बंदी आल्यावर मेक्सिकन पेसो आटवले जाऊ लागले.

युरोपातल्या श्रीमंत दागिन्यांत चांदीची भूमिका दुय्यम पण मोलाची होती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत हिरे चांदीच्या कोंदणात बसवत, कारण सोन्याची पिवळी झाक हिऱ्याला मारक ठरते. कपडे आणि त्वचा काळी पडू नये म्हणून मागच्या बाजूला सोन्याचे अस्तर असे. १९०० च्या सुमारास प्लॅटिनम दागिन्यांत रूढ झाले आणि चांदीचे हे काम संपले. १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतल्यावर चांदीचा नुसता देखावा फार स्वस्त झाला होता. त्यावर कारागिरीच्या बाजूने उत्तर आले ते कोपनहेगनमध्ये. तिथे जॉर्ज जेन्सन यांनी १९०४ मध्ये आपली कार्यशाळा काढली आणि हातोडीच्या खुणा मिरवणारी चांदी हीच दागिन्याची शोभा ठरवली. धातूच्या किमतीऐवजी घडवणाऱ्याच्या हाताला मोल देण्याची ही दृष्टी आजच्या सगळ्या ‘डिझायनर’ चांदीच्या मुळाशी आहे.

भारतात नजाकतीची परंपरा तारकशीत टिकली. बारीक ओढलेल्या दोन तारा पिळायच्या, चपट्या करायच्या, चौकटीत वळवून बसवायच्या आणि टाकणखारात मिसळलेली डाकाची पूड भुरभुरून एकदम तापवायचे, अशी ही रीत. ओडिशातील कटक आणि तेलंगणातील करीमनगर या दोन्ही ठिकाणच्या तारकशीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गोव्यातील रुपेकारांच्या कौशल्याचा सर्वांत मोठा पुरावा दागिना नसून पेटी आहे. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत ठेवले आहेत, ती १६३६–३७ मध्ये तिथेच घडवली गेली.

महाराष्ट्रात आज चांदीकामाचे नाव निघाले की कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी पुढे येते. हातकणंगले तालुक्यातील या गावात आणि आसपासच्या खेड्यांत पैंजण, वाळे, साखळ्या यांचे काम घराघरांत चालते, आणि एकच पैंजण अनेक घरांतून फिरून पुरा होतो. एकीकडे आटणी होते. चांदीत ठरलेल्या प्रमाणात इतर धातू मिसळून पट्ट्या ओतल्या जातात. रोलरमधून त्या पातळ होतात, जंतराच्या एकाहून एक लहान भोकांतून ओढून तार निघते. तार सळईवर गुंडाळून कापली की कड्या होतात. कड्या जुळवणे, घुंगरांच्या दोन वाट्यांत दाणा ठेवून त्या मिटवणे, डाक लावणे ही कामे बऱ्याच अंशी बायका घरी बसून करतात. मग आम्लाच्या पातळ द्रावणात धुणे, उजळणे, झिलई. झाडलोटीची धूळसुद्धा टाकून दिली जात नाही. ती धुऊन, गाळून तिच्यातला धातू काढणे हा झारेकऱ्यांचा पिढीजात धंदा आहे. विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव शुद्ध चांदीच्या बाजारासाठी ओळखले जाते, आणि सणासुदीला दूरदूरचे गिऱ्हाईक तिथे येते.

या धंद्यातला कळीचा शब्द टंच. शंभर भागांत शुद्ध चांदी किती, हे त्यातून सांगतात. पायातल्या दागिन्यात टंच बराच कमी असू शकतो, कारण मिश्रण कठीण लागते आणि स्वस्तही पडते. गिऱ्हाइकाला तो कळत नाही तेव्हा फसवणूक होते. मोडीला गेल्यावर पहिल्यांदा खरा टंच कळावा, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला आहे. भारतीय मानक ब्यूरोने चांदीसाठी हॉलमार्क २००५ मध्ये सुरू केला आणि सप्टेंबर २०२५ पासून सोन्याप्रमाणे चांदीच्या दागिन्यालाही सहा अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक देण्याची सोय झाली. सोन्याला हॉलमार्क सक्तीचा होऊन काही वर्षे लोटली, चांदीचा मात्र अजून ऐच्छिक आहे. ज्या ग्राहकाला फसवणूक सर्वांत जड जाते, त्यालाच संरक्षण सर्वांत उशिरा मिळत आहे. यात आणखी घोळ नावांचा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. ऑक्सिडाइज्ड म्हणून विकला जाणारा स्वस्त माल बहुधा याच धातूचा किंवा पितळेचा असतो.

दरम्यान चांदीची मागणीच बदलली आहे. विजेची सर्वांत उत्तम वाहक म्हणून ती सौरपट्ट्या, मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांत जाते. जगातल्या एकूण मागणीपैकी निम्म्याहून अधिक वाटा आज उद्योगांचा आहे आणि दागिन्यांकडे पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. जानेवारी १९८० मध्ये हंट बंधूंच्या सट्टेबाजीने भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ नेला होता. तो उच्चांक २०२५ मध्ये मोडला. भाव चढला की जुने दागिने मोडीकडे निघतात. तोडे, वाक्या, हासळ्या यांचे जोडच्या जोड आटून पट्ट्या होतात, आणि त्यांच्याबरोबर घाट, गावोगावची नावे आणि घडवणाऱ्याची ओळखही जाते. दिनकर केळकर यांनी पुण्यात उभ्या केलेल्या संग्रहालयासारख्या थोड्याच ठिकाणी रोजच्या वापरातल्या अशा वस्तू जपल्या गेल्या. बहुतेक संग्रहालयांनी सोने आणि रत्ने जमवली, चांदीकडे पाहिले नाही.

गरजेला दागिना मोडावा लागतो आणि त्यात गैर काही नाही. तो त्यासाठीच केलेला असतो. पण ज्यांच्या घरी आजी-पणजीची चांदी अजून आहे, त्यांनी ती मुशीत जाण्यापूर्वी तिचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, वजन लिहावे, घरात त्या दागिन्याला काय म्हणत, तो कोणत्या गावी आणि साधारण कधी घडवला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून टिपून ठेवावे आणि त्याची एक प्रत जवळच्या संग्रहालयाला द्यावी.